सुट्टीत थांबणारा खोकला

हडपसरच्या एका कारखान्यात मी स्प्रे पेंटर होतो. तिथे मला खोकला लागला. संध्याकाळी घरी आलो की छातीतून शिट्टी वाजायची. दोन डॉक्टर झाले, पण गुण येईना. बायको म्हणायची, "तुम्हाला माझ्या माहेरची हवा मानवते. तिकडे आठ दिवस राहिलो, तर एकदाही खोकला नाहीत."

स्वारगेटजवळच्या डॉक्टरीणबाईंनाही तिने हेच ठासून सांगितलं. बाईंनी मला विचारलं, "आणि रविवारी?"

"रविवारी जरा बरं असतं," मी म्हणालो.

"अहो, मग सासुरवाडीचं कौतुक नंतर करू. काम काय करता?"

हे आजवर मला कोणीच विचारलं नव्हतं. रंग लवकर कडक व्हावा म्हणून त्यात हार्डनर मिसळतो आणि तोंडाला रुमाल बांधतो, असं मी सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग जोरात फुंकायची एक नळी दिली. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यावरचे आकडे लिहायला लावले. कामाच्या दिवशी आकडा घसरायचा, सुट्टीला चढायचा; फरक मलासुद्धा कळला. हार्डनरमुळे मला दमा झाला होता.

त्यांची चिठ्ठी मी साहेबांना दाखवली. त्यांनी माझी बदली तपासणी विभागात केली आणि पेंटरांसाठी नळीतून स्वच्छ हवा देणारे मास्क मागवले. हळूहळू माझी छाती मोकळी झाली. त्या दिवाळीत मी पर्वतीच्या पायऱ्या एका दमात चढलो. बायको खालून ओरडत होती, "अहो, जरा थांबा की!"