परडीतल्या गोळ्या

"ह्यात नशा हाय का, म्याडम?"

परंड्यातल्या माझ्या दवाखान्यात साधं खोकल्याचं औषध दिलं तरी माझ्या एका जुन्या पेशंटचा पहिला प्रश्न हाच. उत्तर मिळेपर्यंत हात गळ्यातल्या कवड्यांच्या माळेवर. हातभट्टीनं एकेकाळी त्यांच्या संसाराची पार माती केली होती. तुळजापूरला जाऊन माळ घातली आणि सुटले. "म्या दारू सोडली. तिनं मला सोडलंय का, ते तिलाच ठावं," असं हसत म्हणायचे.

पुढं उसाच्या ट्रॉलीवरून पडले. ऑपरेशन झालं, पण कंबर काही धड झाली नाही. साध्या गोळ्यांनी भागेना. अफूच्या कुळातली गोळी द्यावी, तर माणूस जुना व्यसनी. न द्यावी, तर समोर बसून घामानं भिजतोय. तुम्ही माझ्या खुर्चीत असता तर काय केलं असतं? मी घाबरत घाबरत दिली.

तोड त्यांच्या बायकोनं काढली. "देवीच्या परडीत ठिवते. आंघोळीबिगर हे परडीला हात लावत न्हाईत."

जोगव्याची ती वेताची परडी कुठल्याही कुलपापेक्षा भक्कम, असं मला वाटलं. थोड्याच दिवसांत ते काठी टेकत एकटे एसटीनं येऊ लागले. मी खुशीत होते.

मग एकदा बायको एकटीच आली. "म्याडम, ह्यांच्या आंघोळी लई वाढल्यात. दुपारच्याला बी करतेत."

आधी मला हसू आलं आणि मग परडी आठवली.

त्यांना बोलावलं. त्यांनी काही लपवलं नाही. "गोळी बंद केली तर म्या उठत न्हाय. चालू ठिवली तर म्या माझा ऱ्हात न्हाय. कंचा पायजे, तुमीच सांगा."

सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली, पण तेवढा प्रवास कंबरेला झेपेना. शेवटी हळूहळू कमी करत मी गोळी बंद केली. पुस्तकाप्रमाणे बरोबरच केलं. पण मला अजून खात्री वाटत नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. बायको मात्र बीपीच्या गोळ्यांना येते. परवा तिला विचारलं, "कसे आहेत?"

"पीत न्हाईत. गोळी बी मागत न्हाईत."

"आणि दुखणं?"

तिनं बीपीच्या गोळ्या पदरात बांधल्या.

"म्याडमनी इचारलं तर न्हाय म्हनून सांग, म्हनलेत."