मिनूताईचे सरकते दिवस

दीड खोलीच्या घरातसुद्धा मिनूताई वाट चुकायची. चहा टाकायला आत निघायची, वाटेत खिडकीतली कुंडी दिसायची, कुंडीला पाणी घालताना न धुतलेला ब्रश आठवायचा आणि चहा राहूनच जायचा. लालबागच्या चाळीत तिचं दार माझ्या दारासमोर. "अगं, मी कशाला उठले होते?" असं ती मलाच गॅलरीतून विचारायची. बऱ्याचदा मला ते ठाऊकही असायचं.

ती घरी बसून लग्नपत्रिका चितारायची. परळच्या एका जाहिरात कंपनीतली नोकरी गेली ती हातामुळे नव्हे, चुकलेल्या तारखांमुळे. माझ्या मावसबहिणीची पत्रिका तिने इतका जीव ओतून केली की ती लग्न लागल्यावर पोचली. बहिणीने ती फ्रेम करून भिंतीवर लावली. मी हे कौतुकाने सांगायला गेले, तर मिनूताईचा चेहरा उतरला. "ती फ्रेम उतरवायला सांग गं. माझा उशीर रोज दिसेल लोकांना."

नवरा, सुधीर, वरळीला वेगळा राहायचा. माणूस वाईट नव्हता, थकला होता. शाळकरी लेक सई मात्र आईजवळ होती.

चाळिशी उलटल्यावर दादरच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, असल्याचं सांगितलं. त्या दिवशी ती जिना धावत चढून आली. "मी आळशी नाही गं! माझा मेंदूच तसा आहे." घरात तिची चार दिवस राहायला आलेली आई मटार सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "आमच्या वेळी याला धांदरटपणा म्हणायचे." मिनूताई तरीही दिवसभर आनंदात होती.

मग तिच्या फोनवर दिवस आखायचं ॲप आलं. आधी तिने घड्याळाबरहुकूम वेळापत्रक केलं, ते दोन दिवसांत कोसळलं. "सकाळचं एक चुकलं की माझा अख्खा दिवस मरतो," ती म्हणायची. म्हणून कामांचे रंगीत तुकडे केले. आंघोळ, चित्र, बाजार, सगळं बोटाने पुढेमागे सरकवता येईल असं. राहिलेलं काम लाल व्हायचं नाही, गुपचूप उद्यावर जायचं. फक्त डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी आणि सईची शाळा सुटायची वेळ, एवढंच जागचं हलायचं नाही. चित्राची वेळ झाली की ती मला हाक मारायची. "तू नुसती बस ना समोर. बोलू नकोस. कुणी बसलं की माझे हात चालतात." मी लॅपटॉप घेऊन बसायचे. ते काही महिने तिच्या घरातला चहा वेळेवर उकळला.

पुढे पुढे फोनचा गजर तिला ऐकू येईनासा झाला. म्हणजे कानावर पडायचा, आत पोचायचा नाही. एका दुपारी सईची शाळा सुटायच्या वेळेला माझ्यादेखत तो वाजला. ती "हो हो, निघालेच" म्हणाली, बोटाने बंद केला आणि पुन्हा मोराच्या पिसाऱ्यात बुडाली. मी कॉलवर होते. कॉल संपवून पाहते तर ती तिथेच. मी ओरडले तेव्हा ती दचकली. "मी गेले नाही? मला वाटलं, मी जाऊन आले."

आम्ही दोघी धावत गेलो. शाळेचं फाटक बंद झालं होतं. सई शिपाईकाकांच्या स्टुलावर बसली होती. रडत नव्हती. "आई, कामात होतीस ना?" तिने समजुतीने विचारलं. असं आधीही झालं होतं, पण मिनूताई मोडली ती त्या समजुतीने.

सुधीरला तिने स्वतःच बोलावलं. तो म्हणाला, "मिनू, मी सईला मागितलं नव्हतं." ती म्हणाली, "माहितीये. म्हणूनच देतेय." सईचे कपडे भरताना ती मला म्हणाली, "मी पोरीला विसरत नाही गं, वेळ विसरते. पण फाटकात बसलेल्या पोरीला त्यातला फरक कसा कळणार?"

पुढे मी ठाण्याला राहायला गेले. परवा दादरच्या फुलबाजारात ती भेटली, केस पिकलेले, हातात शेवंती. दर रविवारी वरळीला जाते म्हणाली. कधी सकाळी पोचते, कधी संध्याकाळी, कधी राहूनच जातं.

"सई वाट बघत असेल," मी म्हणाले.

"आधी बघायची. बिल्डिंगच्या खाली येऊन उभी राहायची," मिनूताई म्हणाली. "हल्ली नाही येत. शहाणी झाली." आणि तिने फुलवाल्याला भाव विचारला. शेवंती घेऊन झालेली होती.