मोहोराचा त्रास

परशुरामकाकांना मोहोराचा त्रास होता, हे आमच्या वाडीत सर्वांना ठाऊक होतं. वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर त्यांनी नोकरीभर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या. 'रेडीकडे जाणारी गाडी' आणि 'फलाटावर लागत आहे' यांच्यामध्ये त्यांना हमखास शिंक यायची. पौषात आंबा मोहोरला की आंब्याचा त्रास, त्यामागून काजूचा. मोहोर नसेल तेव्हा पावसातली बुरशी, पाऊस सरला की भाताची धूळ, आणि उन्हाळ्यात काजू भाजल्याचा धूर. शिंकेला मोकळा असा महिनाच वर्षात उरला नव्हता. पण कारणं इतकी नीट वाटलेली होती की कोणाला पुढे चौकशी करावीशी वाटली नाही.

काकांच्या घरात एक राखाडी मांजर होतं. घरात म्हणजे मागच्या पडवीत, असा करार होता. कावेरीकाकीने ते पिल्लू असताना ओच्यात घालून आणलं तेव्हा काकांनी बजावलं होतं, "ता भितर इला, तर मी भायर रवतलंय."

"बरां," काकी म्हणाली होती. तिच्या 'बरां'चा अर्थ काढण्याची तसदी काकांनी कधी घेतली नाही.

मांजराचा मात्र काकांवर जीव होता. पाहुणे 'ये ये' करून हात पुढे करत, त्यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नसे; आणि नाकाला पंचा लावून तोंड फिरवणाऱ्या काकांच्या पायाशी येऊन बसे. यात आश्चर्य काही नाही. मांजरांच्या जगात डोळे रोखून बघणं म्हणजे भांडण उकरून काढणं. तोंड फिरवून गप्प बसणारा माणूस त्यांच्या लेखी सभ्य. त्या हिशेबाने वाडीत काकांइतकं सभ्य कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर काकी गेली. दुपारी जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही.

दहाव्याला व्हाळ समुद्राला मिळतो तिथे पिंड ठेवला. बंदरावरचे कावळे मासळीवर पोसलेले; भाताकडे बघायलाही तयार नव्हते. काकांनी मुलीला, संचिताला, अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. घर विकणार नाही म्हणून सांगितलं. कावळे माडावर बसून ऐकत राहिले. शेवटी शेजारची सारिका हळूच म्हणाली, "काका, मांजराचा काय?"

काकांनी डोळे मिटले आणि स्टँडवरच्या आवाजात जाहीर केलं, "मांजराक अंतर देवचंय नाय!"

कावळा उतरला. सारिकाने पदर डोळ्याला लावला. मांजर आता काकीच्या शेवटच्या इच्छेत जमा झालं.

काकीची खोली काकांनी होती तशी ठेवली. दांडीवर लुगडी, खाटेवर तिने शिवलेली गोधडी, उशी. दार दिवसभर बंद. तिन्हीसांजेला ते उघडून काका आत दिवा लावत आणि खाटेशी खुर्ची घेऊन बसत. बसले की थोड्या वेळाने छाती आवळून येई. कोणीतरी मागून येऊन घट्ट धरावं, तशी. त्याच वेळी खिडकीच्या कठड्यावर, बाहेरच्या बाजूला, मांजर येऊन बसलेलं असे. ते आत बघे. काकांकडे नव्हे, उशीकडे. पापणी न लववता.

"इलंस?" काका विचारत.

उत्तर म्हणून श्वास आणखी आवळे. सोसवेनासं झालं की ते पडवीत येऊन बसत. हळूहळू छाती सुटे. मग ते म्हणत, "गेली."

एकदा मलाही सांगितलं, गाडीची वेळ सांगावी तशा सुरात. "सांजेची येता. जास्त वेळ थांबणा नाय."

सारिकेला हे कळल्यावर ती घाबरली. "काका, देवाकडे गाऱ्हाणां घालूक होया. काकीचा कायतरी मनात रवला असतला."

देवळात गाऱ्हाणं घालायचं तर शब्द ठरलेले असतात. जे काही वावगं घरात शिरलं असेल ते देवाने दूर करावं, असं गुरव म्हणतो आणि जमलेली मंडळी 'होय महाराजा' म्हणतात. गुरव अर्ध्यावर आला तेव्हा काकांनी त्याला थांबवलं. "तसा नको. ती येता, तर येऊक दी. फकत जरा जास्त वेळ थांबूची, असा सांग."

गुरवाने आयुष्यात असं गाऱ्हाणं घातलं नव्हतं. त्याने ते कसंबसं जुळवून म्हटलं. मंडळींनी सवयीने 'होय महाराजा' म्हटलं आणि मग एकमेकांची तोंडं बघितली.

देवाने ऐकलं असावं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी काका खोलीबाहेर आलेच नाहीत. सारिका दिवा बघून आत गेली, तर ते दाराच्या चौकटीला धरून उभे, ओठ निळे पडलेले, आणि तोंडावर हसू. रिक्षात घालताना तिला ते हसूच जास्त भयंकर वाटलं, असं ती अजून सांगते.

पणजीला नोकरी करणारी संचिता धावत आली. बापाला जरा बरं वाटल्यावर ती त्यांना अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही सोबत होतो. डॉक्टरांनी काकांच्या हातावर ओळीने थेंब ठेवून बारीक टोचलं. आंबा, काजू, बुरशी, धूळ, मांजर. थोड्या वेळाने एकाच जागी गांधी उठली.

"आंबा?" काकांनी विचारलं.

"काही नाही."

"काजू?"

"तोही नाही. मांजर आहे."

काका ताठ बसून कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे मांजर घरात येत नाही."

संचिता खिडकीबाहेर बघू लागली. मीही दुसरी खिडकी शोधली.

"बाबा," ती म्हणाली, "ता आयेच्या उशीवर निजायचा. तुमची स्कूटर वळणावर ऐकली, काय खिडकेतसून भायर."

"तुका म्हायत होता?"

"सगळ्यांका म्हायत होता."

काकांनी हातावरच्या गांधीवरून बोट फिरवलं. मोहोर सोसत नाही म्हणून त्यांनी खिडकीसमोरचं पायरी आंब्याचं भरलं झाड तोडलं होतं. काकीने तेव्हाही 'बरां' म्हटलं होतं.

डॉक्टरांनी समजावलं. त्रास केसांचा नसतो; मांजर अंग चाटतं, ती लाळ वाळते, कातडीचा कोंडा पडतो, आणि ते सगळं कापडात, कापसात जाऊन बसतं. मांजर निघून गेलं तरी कित्येक महिने तिथेच राहतं. बंद खोलीत तर फारच. तेव्हा खोली धुऊन काढायची, गादी टाकायची आणि मांजर बाहेर.

घरी आल्यावर बापलेकीची जुंपली.

"बाबा, ती आये न्हय. ती मांजराची थुंकी आसा."

"असात. पण येता ती माका कळता. तू धुतलंस, तर मगे सांजेक येतला कोण?"

"आणि नाय धुतलंय, तर सकाळी उठतलो कोण?"

सारिका आणि संचिताने कढत पाण्यात लुगडी बुडवली, गोधडी धुतली, भिंती पुसल्या. गादी आणि उशी गेली. संचिता काकांच्या खिशात दम लागला की ओढायचा औषधाचा पंप ठेवून, शेजाऱ्यांना चार वेळा बजावून परत गेली.

त्या संध्याकाळी मी दारात उभा असताना काकांनी दिवा लावला आणि खुर्चीत बसले. श्वास आला, गेला. पुन्हा आला. छातीत वारा खेळत होता आणि खोलीत कोणी नव्हतं. ते वाट बघत बसले. काकीच्या जाण्यानंतर इतकं एकटं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

मांजर या वेळी खिडकीतून थेट आत उतरलं. बहुधा त्याला काका आता मोजण्याजोगे वाटत नसावेत. त्याने खाटेच्या पायांना गाल घासले, दाराच्या चौकटीला घासले. गालांना वास असतो. तो फासून मांजर जागा आपली करून घेतं. ही त्याचीच जागा होती, पण आता पहिल्यापासून सुरुवात. मग खाटेवर चढलं, उशीची जागा हुंगली, आणि पिल्लू हरवल्यावर ओरडतात तसं एकदाच ओरडलं. त्यानंतर ते सारिकेच्या गोठ्यात माळ्यावर राहायला गेलं.

काकांनी मात्र धुण्याआधीच उशीचा एक अभ्रा काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला होता. हे संचिताला माहीत नाही. एकाला सोडून सर्वांना माहीत असणं आमच्या वाडीला जमतं.

तिन्हीसांजेला काका खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उघड्यावर बसायचे, पंप खिशात, आणि पिशवीची गाठ सोडायचे. गोठ्यातून मांजर यायचं. अभ्र्यात तोंड खुपसायचं, पुढच्या पायांनी तो मळत राहायचं, डोळे मिटून. काका तोंड फिरवून बसायचे. त्याचं झालं की अभ्रा उचलून, हात लांब ठेवून, स्वतः थोडासा वास घ्यायचे. छाती आवळली की समाधानाने गाठ मारायचे.

त्या अभ्र्यात मांजराला कावेरीकाकी सापडत होती, आणि काकांना मांजर. हे मला दिसत होतं.

शिमगा झाल्यावर एके दिवशी मी काकांशेजारी खळ्यात बसलो असताना मांजर नेहमीसारखं आलं. अभ्रा हुंगला. पुन्हा एका कोपऱ्यात हुंगला. मग त्याच्याकडे पाठ करून पंजा चाटत बसलं आणि थोड्या वेळाने उठून मासळीवालीच्या टोपलीमागे निघून गेलं.

काकांनी त्याला वळणापर्यंत जाताना पाहिलं. मग अभ्रा दोन्ही हातांनी उचलून तोंडावर धरला, अगदी जवळ. खोकला आला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, छातीतून शिट्टी वाजू लागली. मी त्यांच्या खिशातला पंप काढून पुढे केला. त्यांनी हाताने थांबवलं.

"आसा," ते म्हणाले. "अजून आसा."