श्रावणभाऊंनी कानांनी दिलेला निकाल

फोन आला तेव्हा मी कोरपन्याच्या आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींकडून दोरीच्या उड्या मारून घेत होते. माजरीहून श्रावणभाऊ खोब्रागड्यांच्या पत्नी, निर्मलाबाई बोलत होत्या. "जय भीम, मनीषा. भाऊ गेले." मी विचारलं, "कुठे?" ...पलीकडून उत्तर यायला जो वेळ लागला, त्यातच मला सगळं कळलं. सकाळी त्यांनी चहा मागितला होता. चहा येईपर्यंत खुर्चीतच मान कलली. बासष्ट वर्षांचे होते.

याला आता दीड महिना झाला. लोक विचारतात, ते तुमचे कोण? या प्रश्नाचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. नात्यातले नव्हते, गावचे नव्हते, माझे प्रशिक्षकही नव्हते. सतरा वर्षांची असताना मी ज्यांच्यामुळे हरले ते जज, अशी आमची ओळख सुरू होते. श्रावणभाऊ कोळसा खाणीत पंप चालवायचे आणि सुट्टी मिळाली की कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जिल्ह्याच्या बॉक्सिंग स्पर्धांत रिंगच्या कडेला जज म्हणून बसायचे.

ती लढत चंद्रपूरला झाली. जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार होती. मी निळ्या कोपऱ्यात, लाल कोपऱ्यात पल्लवी. ती शहरातली, त्यामुळे अख्खा हॉल तिचा. माझ्या बाजूने ओरडायला बाबा, भाऊजी आणि आमचे पीटीचे सर, एवढेच. पाच जज रिंगच्या चारी बाजूंना बसलेले असतात, प्रत्येक जण आपापल्या कागदावर गुण लिहितो. निकाल तीन विरुद्ध दोन लागला. रेफरीने पल्लवीचा हात वर केला आणि माझं मनगट त्याच्या दुसऱ्या हातात तसंच खाली लोंबत राहिलं. परतताना सर एसटीत म्हणाले, "तो माजरीवाला जज विकला गेला. जिल्हा बॉक्सिंग संघटनेच्या लोकांतलाच हाय तो." तेवढं एक वाक्य मला पुढची दहा वर्षं पुरलं. मी रिंगमध्ये पुन्हा उतरले नाही. शिकले, क्रीडाशिक्षिका झाले.

मग एकदा भद्रावतीच्या शालेय स्पर्धेला माझ्या मुलींना घेऊन गेले, तर तिथे तेच गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसलेले. मी समोर जाऊन उभी राहिले. नमस्कार नाही, काही नाही. "तुम्ही मले हरवलं होतं," म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं, डबा बाजूला ठेवला. "निळा कोपरा. डावखुरी. कोरपन्याची." मग म्हणाले, "त्या मॅचचं मले बी पुरतं समजलं नाई, पोरी. व्हिडिओ हाय का?"

दहा वर्षं मी या माणसाला काय काय सुनावायचं ते घोकत आले होते. तो नाकारेल, चिडेल, ओळख दाखवणार नाही, सगळ्याची तयारी होती. व्हिडिओ मागेल, याची नव्हती.

व्हिडिओ होता. भाऊजींनी प्रेक्षकांतून फोनवर काढलेला, हलता, अधूनमधून कुणाचं तरी डोकं आड येणारा. पुढच्या रविवारी मी तो घेऊन माजरीच्या त्यांच्या क्वार्टरवर गेले. निर्मलाबाईंनी पोहे केले होते. भाऊंनी दोन कोरे कागद घेतले, एक मला दिला आणि म्हणाले, एकमेकांचं पाहायचं नाही. लढत टीव्हीवर लावली. संपल्यावर कागद समोरासमोर ठेवले. त्यांनी पुन्हा पल्लवीलाच जिंकवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. मी पर्स उचलली.

"बस," ते म्हणाले. "आता बिना आवाजाचं पाहू."

त्यांनी आवाज बंद केला. दुसरा राऊंड सुरू झाला आणि ते पुढे सरकले. थांबवलं, मागे घेतलं, परत पाहिलं. असं चार-पाच वेळा. पोहे गार झाले. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवला आणि चष्मा काढून शर्टाला पुसत बसले.

"पल्लवीचा हात नुसता हलला तरी हॉल ओरडते. तुहा ठोसा लागते, तं हॉल चूप. मी मॅच कानानं पाह्यली, मनीषा. तू जिकली होती."

हे वाक्य ऐकायला मिळालं तर मी काय करीन, याची मी कितीदा तरी कल्पना केली होती. प्रत्यक्षात मी विचारलं, "आणि पहिला राऊंड?"

"पहिला तिचाच," ते म्हणाले. "त्यात तू झोपली होती." स्वयंपाकघरातून निर्मलाबाई हसल्या, मग मीही हसले.

हे इथेच संपलं असतं. पण भाऊंनी संघटनेला पत्र लिहायचं ठरवलं. त्यांना वाटलं, हा व्हिडिओ पल्लवीचाही आहे, तिच्या पाठीमागे काही लिहायचं नाही. पल्लवी खेळाच्या जोरावर पोलिसात लागली होती, गडचिरोलीला होती. आम्ही दोघं बसने तिच्याकडे गेलो. तिने आधी आवाजासकट पाहिलं, मग आवाजाशिवाय. फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "लिहा भाऊ, काय लिहायचं ते. पण मी काई चोरलं नाई. मी त्या दिवशी जीव तोडून खेळली." भाऊ म्हणाले, "ते पहिल्या ओळीत लिहितो." आणि तसंच लिहिलं. दुसऱ्या ओळीत, निकाल देताना माझी चूक झाली, असं.

संघटनेत त्या पत्राने खळबळ उडाली. निकाल बदलणार नव्हताच, तशी मागणीही नव्हती. पण उद्या प्रत्येक जण जुने व्हिडिओ घेऊन दारात उभा राहील, ही भीती होती. पत्र मागे घ्या, असा निरोप आला. भाऊंनी घेतलं नाही. पुढच्या स्पर्धेच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, त्यानंतर कधीच आलं नाही. इस्त्रीचा शर्ट फक्त शाळांच्या सामन्यांपुरता उरला. मला अपराधी वाटत होतं. म्हटलं, "घ्या ना मागं. माझं समाधान झालं."

"तुह्या समाधानासाठी कुठी लिहिलं मी? बाकीच्या जजाईले बी कान हाय."

एकदा मात्र मी धीर करून विचारलंच, त्या दिवशी तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं का? त्यांनी उत्तर टाळलं नाही. "सकाळी एकानं खांद्यावर हात ठेवला होता. पोरगी आपली हाय, म्हणे. मी हात झटकला. पण आतून झटकल्या गेला का नाई... ते अजून तपासून राह्यलो." चूक आवाजाची की त्या हाताची, हे मलाही कळलेलं नाही. त्यांना शेवटपर्यंत कळलं का, तेही माहीत नाही.

मग ते महिन्यातून एखाद्या शनिवारी आमच्या शाळेत येऊ लागले. ठोसे शिकवायला नाही, पाहायला शिकवायला. दोन मुली लढायच्या, बाकीच्या चारी बाजूंना बसून गुण लिहायच्या आणि दर राऊंडला जागा बदलायच्या. एका बाजूने नुसती पाठ दिसते, दुसऱ्या बाजूने तोच ठोसा स्वच्छ दिसतो, हे मुलींच्या लक्षात आलं की त्या तावातावाने भांडायच्या आणि भाऊ खूश व्हायचे. मला त्यांनी जजची परीक्षा द्यायला लावली. "आत कोणी तरी पाह्यजे ना," एवढंच कारण सांगितलं. मी पास झाले.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी माजरीला गेले. वंदना झाली, माणसं पांगली, तेव्हा निर्मलाबाईंनी माझ्या हातात एक दोनशे पानी वही ठेवली. "पाह्य बाई, तुह्याच कामाची असन." भाऊंनी पाहिलेल्या लढती त्यात एकाखाली एक होत्या. शेवटचं लिहिलेलं पान आमच्या शाळेचं होतं, ते शेवटचे आले होते त्या शनिवारचं. आरती विरुद्ध स्नेहल. तिसऱ्या राऊंडपुढे बारीक अक्षरात होतं : 'स्नेहलचा उजवा. आरतीची पाठ माझ्याकडे. लागला का?'

सोमवारी मी आरतीला बाजूला बोलावून विचारलं. तिला आठवत होतं. तिने गालाच्या हाडावर बोट ठेवलं. "लागला होता, मॅडम. इथी. चांगलाच."

मी वहीत त्या प्रश्नापुढे 'लागला' असं लिहिलं आणि त्यांना सांगावं म्हणून फोन काढला. नंबर लावून कानाशी धरला... तिकडे दोनदा रिंग वाजल्यावर माझ्या लक्षात आलं.