उरलेली बाजू

भोपाळमधल्या साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळात थायरॉइडचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडमना पेशंट ‘गिळाबाई’ म्हणायचे. नाव विचारण्याआधी त्या गळ्यावर दोन बोटं ठेवून म्हणत, “गिळा.” गिळताना गाठ कशी सरकते ते पाहून मगच “बसा.”

मी बसलो तो भांडतच. सोनागिरीत माझा भंगाराचा धंदा. हातगाडीपासून वाढवलेला, लिलावात ओरडून बोली लावत. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरने गाठीसकट थायरॉइडची उजवी बाजू काढली, डावी ठेवली. आता डावीकडे गाठ.

“त्याने काम अर्धवट केलं. तसं लिहून द्या, कोर्टात खेचतो त्याला.”

“आधी तेव्हाच्या गाठीचा रिपोर्ट दाखवा, भाऊ.”

तो मी कधी घेतलाच नव्हता. डॉक्टर “सब ठीक है” म्हणाला, मी तिथल्या लोकांशी भांडलो आणि परत फिरकलो नाही. मॅडम मात्र जुन्या कागदाशिवाय पुढे जात नसत. “पहिल्या वेळी काय निघालं हे ठाऊक नसलेल्या पेशंटचीच मला जास्त भीती वाटते,” असं म्हणायच्या. शेवटी ज्यांना शिव्या दिल्या होत्या, त्यांच्यापुढे हात जोडून मी रिपोर्ट आणि गाठीच्या नमुन्याच्या काचपट्ट्या आणल्या.

मॅडमनी त्या पुन्हा तपासून घेतल्या. उजवीकडे कॅन्सर नव्हता. “डावी बाजू ठेवली ते त्यांनी बरोबरच केलं.”

मला ते आजही पटलेलं नाही.

नव्या गाठीतून सुईने पाणी काढलं, तर रिपोर्ट संशयाचा.

“दुसऱ्यांदा येणाऱ्या बहुतेकांच्या गाठीत कॅन्सर नसतो. काहींच्या असतो. तुमचं काढल्यावरच कळेल.”

“आणि आवाज?”

“जुन्या ऑपरेशनच्या व्रणाने गळ्यातलं सगळं चिकटतं, आवाजाची नस शोधणं अवघड जातं. धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त.”

“मग गाठ तेवढी काढा. बाकी राहू द्या.”

“भाऊ, हे काय भंगार आहे, तोडून तुकडा न्यायला? पूर्ण बाजू निघेल. पटत नसेल तर दुसरं दुकान बघा.”

हे वाक्य आजवर मी गिऱ्हाइकांना ऐकवत आलो होतो. सही केली.

कॅन्सर निघाला. लहान होता, पूर्ण निघाला. तीन आठवडे मी कुजबुजत होतो. मग आवाज आला, वरची पट्टी तेवढी गेली. लिलावात आता हळू बोलतो. लोकांना गप्प बसून ऐकावं लागतं.

निवृत्त होऊन नागपूरला जाण्याआधी मॅडमनी मला बोलावलं. कोलार रोडच्या एक शिक्षिका समोर बसल्या होत्या. त्यांचंही दुसरं ऑपरेशन, आवाजाच्या भीतीने दोनदा परत गेलेल्या.

“समजावू नका,” मॅडम म्हणाल्या. “नुसतं बोला यांच्याशी.”

मी लोखंडाच्या भावाबद्दल बोललो. दुसरं काही सुचेना. त्यांनी मध्येच विचारलं, “भैया, डर लगा था?”

मी घासाघीस केली नाही. “बहुत,” म्हणालो.

त्या तयार झाल्या. मॅडमनी भोपाळ सोडण्याआधी केलेलं ते शेवटचं ऑपरेशन. परवा शाळेतून त्या शिक्षिकेचा फोन आला. पलीकडे पोरांचा गोंधळ चालला होता. मी “हॅलो” म्हणायच्या आत माझ्या कानात त्या कडाडल्या, “चुप बैठो सब!”