पंचांचा ओटा

आमच्या गावाबाहेरच्या मैदानात यात्रेच्या दिवसांत जनावरांचं प्रदर्शन भरायचं. तिथं आता नगरपरिषदेची बाग आहे. बाग आखणाऱ्यांनी फार डोकं चालवलं नाही. ज्या गोल वाटेवरून बैल फिरवायचे ती खुरांनी घट्ट झालेलीच होती, तिच्यावरच फरश्या बसवून फिरायची वाट केली. मधल्या ज्या ओट्यावर पंच बसायचे तिथं कारंजं आलं. ते उद्घाटनाला उडालं तेवढंच.

माझे वडील, आप्पा, तिथं आपले देवणी बैल उतरवायचे. "घरातलं सगळ्यात चांगलं आसंल तेच न्यायचं. उगं गर्दी वाढवायला जायचं न्हाय," असं म्हणायचे. फिरवायची रीतही ठरलेली. ओटा डाव्या हाताला ठेवून चालायचं. जनावर आत, पंचांच्या बाजूला, आणि माणूस बाहेर. ओट्यासमोर थांबायचं, हनुवटीखाली हात घालून जनावराची मान वर धरायची.

म्हातारपणी आप्पांना विसर पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, रोज फिरवा. शाळेतलं शिकवणं आटोपलं की मी त्यांना बागेत न्यायची. ते माझं मनगट धरून मला आतल्या बाजूला घ्यायचे आणि सगळ्यांच्या उलट दिशेनं, कारंजं डाव्या हाताला ठेवून निघायचे. माणसं अंगावर यायची. त्यांत माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप असायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा कारंज्यापाशी ते थांबले. ताठ उभे राहिले आणि माझ्या हनुवटीखाली हात घालून त्यांनी मान वर केली. बाकावरच्या बायका हसल्या. मी हात झटकला.

"आप्पा, मी काय बैल हाय का? लोक हसायलेत."

त्यांनी हात मागं घेतला आणि धोतराला पुसला. "चुकलं बाई," म्हणाले.

त्यानंतर ते बागेत आले नाहीत. चला म्हटलं की, "तू जा, म्या हितंच बरा हाय." थंडीत गेले.

बाराव्यानंतर मी एकटीच बागेत गेले. कारंज्यापाशी पोचले आणि त्यांचा नियम आठवला. घरातलं सगळ्यात चांगलं तेच न्यायचं. जेवलो की नाही हे विसरणाऱ्या माणसाला तेवढं पाठ होतं. मी तिथंच बसून रडले.

आता मी रोज उलट्या दिशेनं चालते, आतल्या बाजूनं. माणसं अंगावर येतात, येऊ देत. कारंज्यासमोर थांबते. मान मात्र वर होत नाही.