पहिल्या रांगेचं तिकीट आणि पडद्यामागचा आवाज

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेसात. उम्म अल कुवैनमधल्या एका लग्नाच्या हॉलच्या दारात, हातात पहिल्या रांगेची दोन तिकिटं असताना, मला आणि माझ्या भाचीला मागे पडद्याआड बसवण्यात आलं. तारीख आणि वेळ मुद्दाम लिहिते आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, तक्रारीला तारीख हवी, नाहीतर ते रडगाणं होतं.

आता प्रवासाचं सांगते. मी रत्नागिरीची, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. पश्तो मला येत नाही. पण माझे मिस्टर शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेज सांभाळायचे, तेव्हा तिथल्या एका पठाण ड्रायव्हरने त्यांना झरमीर उस्तादांची कॅसेट दिली होती. मिस्टर गेले, टेपरेकॉर्डरही गेला, गाणी तेवढी डोक्यात राहिली. हे उस्ताद म्हणजे लग्नात रबाब वाजवणाऱ्या मामाच्या मागे बसून शिकलेला पोरगा. पुढे पेशावरच्या बाजारात त्यांच्या कॅसेट निघाल्या, ट्रकवाल्यांनी त्या कराचीला नेल्या आणि कामगारांनी आखातात. आता आवाज थकला, म्हणून तिथला हा शेवटचा कार्यक्रम. हे कळलं तेव्हा मी शारजाला भाचीला फोन लावला. "सना, तिकिटं काढ. पहिल्या रांगेची. मला त्यांचा चेहरा बघायचाय."

"खाला, यू डोन्ट इव्हन नो द लँग्वेज!"

"तुझं मराठी तरी मला कुठे कळतं? ऐकतेच ना?"

शारजाहून टॅक्सीला ऐंशी दिरहम पडले. "म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये!" असं मीच मोठ्याने म्हणाले, आणि सनाने कानात हेडफोन घातले. जाणाऱ्यांनी निघण्याआधी शारजातच चपली कबाब खाऊन घ्यावेत. उम्म अल कुवैन निवांत गाव आहे, भुकेलाही तिथे निवांतच उत्तर मिळतं.

हॉलच्या दारात बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक उभा होता.

"आंटी, लेडीज़ पीछे."

"तिकीट पर पहली रो लिखा है."

"इज़्ज़त के लिए है, आंटी."

"मेरी इज़्ज़त पहली रो में भी ठीक रहती है, बेटा."

पण तो हलला नाही. मागे मरून रंगाचा पडदा होता, दोन तुकडे सेफ्टी पिनांनी जोडलेले. एक स्पीकर, तीसेक बायका. वेलदोड्याचा कहवा, म्हणजे बिनदुधाचा चहा, मात्र उत्तम होता, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

शेजारी एक पठाण म्हातारी बसली होती. सगळ्या तिला आदे म्हणत, म्हणजे आई. तिनेच मला टप्पा समजावला. पश्तोत टप्पा म्हणजे दोन ओळींचं गाणं, बहुतेक बायकांनीच पाणी भरताना, दळताना जोडलेलं. एकीने म्हटला की दुसरीने टप्प्यानेच उत्तर द्यायचं. बाहेरच्या पोस्टरवर मी वाचलं होतं, 'कवी अज्ञात'. म्हणजे शब्द बायकांचे, टाळ्या उस्तादांना, आणि बायका पडद्यामागे!

उस्तादांनी एक टप्पा संपवला. रबाब क्षणभर एकटा वाजत होता. तेवढ्यात आदेने मान वर केली आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं. अर्थ तिने मला नंतर सांगितला:

घागर भरून मी वाटेवर उभी;
तू तहान घेऊन परक्या विहिरीवर गेलास.

रबाब थांबला. आदे माझ्या कानात म्हणाली, "ये उसकी माँ का टप्पा है. हम एक ही चश्मे से पानी भरते थे." चश्मा म्हणजे झरा.

अशा वेळी शिस्त कसली? मी एक पिन काढली. वीतभर फट पडली आणि मला उस्ताद दिसले. त्यांनी खुर्ची पडद्याकडे वळवली होती. भरल्या डोळ्यांनी त्यांनी उत्तर गायलं:

परक्या विहिरीचं पाणी खारं निघालं;
तुझ्या घागरीचीच गाणी विकून मी जगलो.

"खाला, पुट द पिन बॅक!" सना कुजबुजली. तिचा स्वतःचा डोळा मात्र फटीलाच होता.

निघताना आदेने स्वयंसेवकाला विचारलं, "वीडियो में आवाज़ आएगी ना? पेशावर में मेरा बेटा देखेगा."

"इन्शाल्ला, आदे."

रत्नागिरीला परतले, दोन आठवड्यांनी आयोजकांचा व्हिडिओ आला. उस्ताद गातात, थांबतात. मग शांतता. मग ते खुर्ची वळवतात, डोळे पुसतात आणि रिकाम्या पडद्याला उत्तर देतात. आदेचा आवाज कापलेला! निघताना आदेचा नंबर घेतला होता, सनाने शारजाहून तिला फोन जोडून दिला. ती हसत म्हणाली, "बेटा पूछता है, अम्मा, तुम किधर हो? मैं क्या बोलूँ?" हसणं फार वेळ टिकलं नाही.

पहिली रांग गेली, ते मी सोडून देते. चेहरा बघायचा होता, बघितला. पण हा आवाज मी सोडणार नाही. हॉलमधल्या प्रत्येकाने तो ऐकलाय, आणि आदेने तो मुलासाठीच दिला होता.

म्हणून आयोजकांना ही जाहीर विचारणा. व्हिडिओत उस्ताद नक्की कुणाला उत्तर देत आहेत, आणि तिचा आवाज परत कधी जोडणार, हे ३१ डिसेंबरला संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावं. 'इन्शाल्ला' हे उत्तर धरलं जाणार नाही. तुमची सेफ्टी पिन माझ्या पर्समध्ये जप्त आहे. आवाज परत आला की पिनही परत मिळेल.